पुसलेला आकडा

दमास्कस शहरात, हजारेक वर्षांपूर्वी, एक तेलाचा व्यापारी वारला. मागे बायको, दोन मुलगे आणि तीन मुली. देणी फेडून, दफनाचा खर्च भागवून थैलीत ९,४३६ दिरहम उरले. वाटणीवरून भांडण व्हायचं कारणच नव्हतं. इस्लामी कायद्यात वारसांचे वाटे ठरलेले असतात. मुलंबाळं असलेल्या विधवेला आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलीला एक वाटा आणि मुलाला दोन. या घरात तर सगळं आठातच बसत होतं. आईचा एक वाटा, तीन मुलींचे तीन, दोन मुलग्यांचे चार. रकमेचा आठवा भाग काढला की काम संपलं.

हिशेबासाठी गावातला नामांकित हिशेबनीस बोलावला. त्यानं काखेतली फळी काढून मांडीवर ठेवली आणि पुरचुंडीतली बारीक धूळ तिच्यावर सारखी पसरली. त्या धुळीत तो हिंदचे आकडे मांडत असे: नऊ चिन्हं आणि शून्याचं एक लहानसं वर्तुळ. बोटानं लिहायचं, बोटानंच पुसायचं आणि पुसल्या जागी नवा आकडा बसवायचा. मराठी माणसाला ही फळी परकी वाटू नये. लहान मूल शिकायला लागलं की ते धुळाक्षरं गिरवतंय असं आपण अजून म्हणतो. संस्कृतात अंकगणिताला पाटीगणित म्हणत, तसंच धूलिकर्मही म्हणत. धुळीत करायचं काम. आकड्यांबरोबर ती धूळही दमास्कसला गेली होती.

आठवा भाग म्हणजे तीनदा निम्मं. हिशेबनिसाचं बोट भराभर चाललं. पहिल्या निम्म्याला ४,७१८ आले. दुसरं निम्मं करत असताना दारातून कुणीतरी सलाम केला. त्यानं मान वर करून सलाम घेतला, पुन्हा धुळीकडे वळला, तिसरं निम्मं केलं आणि सांगितलं, “प्रत्येक वाट्याला १,१७७ दिरहम.” मग तळहात फिरवून पाटी साफ केली.

वाटे मोजून झाले. आईची रास, मुलींच्या तीन राशी, मुलग्यांच्या दुप्पट राशी. आणि थैलीच्या तळाशी वीस दिरहम उरले.

वीस दिरहमांनी घर फोडलं. थोरला म्हणाला, ही हिशेबनिसाची मजुरी समजा आणि विषय मिटवा. धाकटा म्हणाला, मोजताना कुणाच्या तरी राशीतून कमी घेतलंय. पुन्हा मोजा. पुन्हा मोजलं, तरी वीस उरलेच. तेव्हा इतका वेळ भिंतीला टेकून बसलेली आई बोलली, “माझ्या बोटांवर एका वाट्याचे १,१७९ आणि वर अर्धा येतोय.”

त्या काळी बोटांवरचा हिशेब ही पोरकटांची गोष्ट नव्हती. सरकारी दफ्तरातले कारकून मोठमोठ्या रकमा मनात धरत, मधले आकडे बोटांच्या पेरांवर दुमडून ठेवत आणि शेवटचं उत्तर अक्षरांत लिहीत. नवऱ्याच्या दुकानात तीस वर्षं मापं मोजलेल्या त्या बाईला ही विद्या चांगली येत होती. पण हिशेबनीस दुखावला. “माझी रीत चुकत नाही,” तो म्हणाला, “तुमचं कुठंतरी बोट सुटलं असेल.”

प्रकरण काजींपुढे गेलं. काजींनी आधी बाईंना विचारलं, “कसे आले ते दाखवा.” बाईंनी हात पुढे केले. मुठी उघडल्या होत्या. बोटं उघडली की हिशेबही सुटला.

मग काजी हिशेबनिसाकडे वळले. “तुम्ही दाखवा.”

“पाटी पुसली, हुजूर.”

“मग पुन्हा करा.”

त्यानं पुन्हा केलं, या वेळी सावकाश. आकडा आला १,१७९ आणि अर्धा. त्याचा चेहरा पडला. आईचं म्हणणं खरं ठरलं, असं कुणालाही वाटेल. पण थोरला मुलगा उठून उभा राहिला. “सकाळी एक, दुपारी दुसरा. एकाच हाताचे दोन आकडे, मी कोणता खरा मानू? हिनं मधल्या वेळात याला फितवलं नसेल कशावरून? अशाच फळ्या घेऊन रस्त्यावरचे ज्योतिषी बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला फसवतात.”

त्याचं शेवटचं वाक्य कडवट होतं, पण शहरातल्या पुष्कळांच्या मनात तेच होतं. धूळपाटी हातात दिसली की माणसाकडे संशयानं पाहिलं जाई. चांगले चांगले लोक ती चारचौघांत काढायला लाजत. आणि खरं सांगायचं तर थोरल्याच्या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नव्हतं. दोन्ही आकडे धुळीतून आले होते आणि दोन्ही धुळीतच गेले होते.

काजींच्या कचेरीला कागद पुरवणारा एक म्हातारा वर्राक त्या दिवशी तिथं हजर होता. वर्राक म्हणजे कागद विकणारा, पुस्तकं उतरवून देणारा आणि विकणाराही. बगदादेत अशा लोकांचा एक सबंध बाजार होता. त्यात शंभरावर दुकानं होती आणि दुकानांत संध्याकाळी पंडितांच्या बैठकी रंगत. हा म्हातारा तिथं शिकून दमास्कसला आला होता. त्यानं काजींची परवानगी घेतली आणि एक कोरा ताव हिशेबनिसापुढे ठेवला.

“यावर करा.”

हिशेबनीस म्हणाला, “नाही जमायचं. माझी रीत पुसण्यावर चालते. आकडा निम्मा केला की जुना पुसतो, शेजारच्या घरात पाच द्यायचे झाले की तोही आकडा पुसतो. कागदावर शाई पुसता येत नाही.”

आणि तो खोटं बोलत नव्हता. मला या गोष्टीतली ही जागा सगळ्यात मोलाची वाटते. एक वस्तू एका देशातून आली, दुसरी दुसऱ्या देशातून आली आणि दोन्ही शेजारी शेजारी पडून राहिल्या, असं शतकानुशतकं होऊ शकतं. सीरियातच फुरात नदीकाठच्या मठात सेवेरस सेबोख्त नावाच्या ख्रिस्ती विद्वानानं इ.स. ६६२ मध्ये भारतीयांच्या नऊ चिन्हांची तारीफ लिहून ठेवली होती. म्हणजे आकड्यांची कीर्ती या मुलखात येऊन तीनशे वर्षं होत आली होती. कागदालाही इथं येऊन पुष्कळ काळ लोटला होता. तरी हिशेब करायचा तो धुळीतच आणि कागद लागायचा तो फक्त उत्तर लिहायला. दोघांची गाठ कुणी घालून दिली नव्हती.

वर्राकाबरोबर त्याच्या दुकानातला एक पोरगा होता. चिंध्या निवडायचं काम करणारा, बारा-तेरा वर्षांचा. तो हळूच म्हणाला, “पुसायचं नसलं तर खाली लिहा ना. खाली जागा आहे की.”

काजी हसले नाहीत. “आज रात्रभर विचार करा,” ते हिशेबनिसाला म्हणाले, “उद्या या.”

हिशेबनीस वर्राकाच्या दुकानातच थांबला. पोरगा दिव्याशी बसून आपलं काम करत होता. जुन्या कपड्यांच्या चिंध्या एका बाजूला, जुन्या दोरखंडांचे तुकडे दुसऱ्या बाजूला. सकाळी ते सगळं चुन्याच्या पाण्यात भिजत पडायचं, मग धुऊन कुटून त्याचा लगदा व्हायचा, लगदा पाण्यात कालवून जाळीच्या साच्यावर उचलायचा, ओला ताव भिंतीला चिकटवून वाळवायचा, त्याला पिठाची खळ द्यायची आणि शेवटी गारगोटीनं घोट घोट घोटायचा, तेव्हा कुठं त्यावरून लेखणी अडखळल्याशिवाय चालायची.

“हे तुम्ही कुणाकडून शिकलात?” हिशेबनिसानं विचारलं.

“समरकंदच्या लोकांकडून,” म्हातारा म्हणाला. “ते चीनकडून शिकले. लोक सांगतात की तलास नदीवरच्या लढाईत चिनी कारागीर कैद झाले आणि त्यांनी ही विद्या दिली.”

ती लढाई इ.स. ७५१ ची. कैद्यांची कथा पुढं अरबी लेखकांनी लिहून ठेवली आणि ती आजही सांगितली जाते. पण समरकंदच्या बाजूच्या सोग्दी व्यापाऱ्यांची कागदावरची पत्रं चौथ्या शतकातली सापडली आहेत. तेव्हा लढाईच्या कितीतरी आधी उंटांच्या तांड्यांनीच कागद त्या बाजूला आणला होता, असं मानायला जागा आहे. तलवारीचं नाव होतं, ओझं मात्र उंट वाहतो.

म्हातारा पुढे सांगत होता, “चीनमध्ये तुतीसारख्या झाडांच्या साली वापरतात म्हणे. आमच्याकडे ती झाडं तेवढी कुठं आहेत? मग चिंध्या घेतल्या. शिकायचं दुसऱ्याकडून, पण माल आपल्या अंगणातला घालायचा. तसं केलं नाही तर विद्या पाहुण्यासारखी दोन दिवस राहते आणि जाते.”

हिशेबनीस बराच वेळ गप्प होता. मग त्यानं विचारलं, “आणि कागदावरचं पुसता येत नाही, हा दोष तुम्हाला टोचत नाही?”

“दोष?” म्हातारा म्हणाला. “याच गुणासाठी बगदादच्या दफ्तरात त्याला जागा मिळाली. खलिफा हारून अल-रशीदच्या काळची गोष्ट. तोवर सरकारी कागदपत्रं चामड्यावर नाहीतर मिसरी पपायरसवर लिहीत. त्यावरची शाई खरवडता येते, आकडा बदलता येतो. कागदात शाई मुरते. खरवडलं तर ताव फाटतो आणि चोरी दिसते. म्हणून हुकूम निघाला की कागद वापरा. बाबा रे, पुसता येतं तिथं माणसाला स्वतःवर भरवसा ठेवायला लागतो. पुसता येत नाही तिथं दुसराही आपल्यावर भरवसा ठेवू शकतो. तुझी रीत चांगली आहे. पण ती आजवर तुझ्या एकट्याचीच आहे, कारण ती पाहायला कुणाला मिळतच नाही.”

ते शब्द हिशेबनिसाला लागले. त्यानं लेखणी दौतीत बुडवली.

दुसऱ्या दिवशी काजींसमोर त्यानं ताव पसरला. सर्वांत वर ९,४३६. त्याच्या खाली, एकाखाली एक घर सांभाळून, ४,७१८. त्याच्या खाली २,३५९. त्याच्या खाली १,१७९ आणि अर्धा. कुठंही खाडाखोड नाही. थोरल्या मुलाला त्यानं जवळ बोलावलं आणि प्रत्येक ओळ उलटी दुप्पट करून पाहायला लावली. तळापासून वर चढत थोरला पुन्हा ९,४३६ वर पोचला. त्याचं बोट तिथं थांबलं. बोलायला काही उरलं नव्हतं.

एवढ्यावर हिशेबनीस सुटू शकला असता. पण त्यानं तावाच्या कडेला आणखी एक आकडा लिहिला, १,१७७. “हा माझा काल सकाळचा आकडा,” तो म्हणाला. “याची दुप्पट २,३५४. खरा आकडा २,३५९. म्हणजे पाच कमी. ४,७१८ मधल्या दहं घरातल्या एकाचं निम्मं होत नाही. तिथं शून्य येतं आणि एकं घरात पाच द्यावे लागतात. मी ते दिले नाहीत. दारातून सलाम आला तो याच वेळी.”

कचेरीत कुणी बोललं नाही. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं ताव उचलला. “उत्तर मिळालं. हा मी घरी नेतो.” त्याला तो फाडायचा होता, हे लहान पोरालाही कळलं.

आई म्हणाली, “राहू द्या तो. नुसतं बरोबर उत्तर दाखवलं असतंत तर माझ्या मुलाला आयुष्यभर वाटलं असतं की आईनं लबाडी केली. तुमची चूक दिसली म्हणून त्याला माझं खरेपण दिसलं.”

काजींनी तो ताव दफ्तरात ठेवून घेतला. वीस दिरहम आठ वाट्यांत वाटले गेले, प्रत्येकी अडीच. आई आणि तिच्या तिन्ही मुली आपापल्या अडीच दिरहमांतून काही नाणी त्या चिंध्या निवडणाऱ्या पोराला देऊन घरी गेल्या. हिशेबनीस वर्राकाकडून एक दस्ता कागद विकत घेऊन गेला. धूळपाटी त्यानं नेली नाही.

ही कुटुंबाची गोष्ट माझी आहे. पण तो काळ, ते शहर आणि धुळीकडून कागदाकडे गेलेला तो माणूस मात्र मी रचलेला नाही. अबुल हसन अल-उक्लिदिसी त्याचं नाव. उक्लिदिसी म्हणजे युक्लिडवाला. युक्लिडच्या ग्रंथाच्या प्रती उतरवून विकणाऱ्यांना हे नाव पडत असे, म्हणजे तोही बहुधा कागदाशीच संसार केलेला माणूस. त्यानं इ.स. ९५२-५३ मध्ये दमास्कसला हिंदी हिशेबावर ग्रंथ लिहिला. हिंदी म्हणजे हिंदचा. त्यात त्यानं आधी धूळपाटीवरच्या रीती नीट शिकवल्या आणि मग प्रत्येक रीत शाई आणि कागदावर, काहीही न पुसता, कशी करायची ते दाखवलं. पाटी हातात घेतली की लोक रस्त्यावरचा ज्योतिषी समजतात, ही तक्रारही त्यानंच नोंदवली आहे. गोष्टीतल्या थोरल्या भावाच्या तोंडी मी तीच घातली.

त्या ग्रंथात एक जागा अशी आहे की ती पाहून मन भरून येतं. त्यानं १९ हा आकडा घेऊन पाच वेळा निम्मा केला. पहिल्याच वेळी साडेनऊ. त्या काळचा कारकून इथं अपूर्णांक अक्षरांत लिहून थांबला असता. अल-उक्लिदिसीनं आकडे तसेच उजवीकडे चालू ठेवले आणि एकं घर कुठं संपतं ते कळावं म्हणून त्या आकड्याच्या माथ्यावर एक लहानशी रेघ दिली. पाचव्या निम्म्याला शून्य आणि पुढे ५९३७५. दशांश अपूर्णांक! युरोपात त्यांचा प्रचार सायमन स्टेव्हिनच्या पुस्तकानं झाला, ते पुस्तक १५८५ चं. पुसायचं थांबल्यावर, आकड्यांना पसरायला जागा मिळाल्यावर हे सुचलं असेल का? मला तसं वाटतं.

सगळ्यांनी लगेच त्याचं ऐकलं असं नाही. त्याच शतकात अबुल वफासारख्या मोठ्या गणितज्ञानं कारकुनांसाठी हिशेबाचं पुस्तक लिहिलं, तेव्हा हिंदचे आकडे माहीत असूनही त्यात घेतले नाहीत, कारण कारकुनांना बोटांचीच सवय होती. पुढे हे आकडे उत्तर आफ्रिकेच्या बंदरात एका इटालियन मुलानं उचलले. वडिलांबरोबर तिथं गेलेला तो लिओनार्दो, ज्याला आपण फिबोनाची म्हणतो. १२०२ च्या त्याच्या पुस्तकात ही चिन्हं भारतीयांची असं त्यानं सुरुवातीलाच सांगितलं. तरी १२९९ मध्ये फ्लोरेन्सच्या सराफांच्या संघटनेनं हिशेबाच्या वह्यांत ती वापरायला बंदी केली.

आपल्याकडेही या वाटेनं परतीचा माल आलाच. शून्य इथून गेलं, अरबीत सिफ्र झालं आणि तिथून पुढे युरोपच्या भाषांत शिरलं. उलट दिशेनं आपल्याला काय मिळालं ते पाहायला कोश उघडायला नको, वाण्याच्या दुकानात उभं राहिलं तरी पुरे: हिशेब, जमा, खर्च, दौत, कलम, दस्ता आणि कागद. दौलताबादजवळ कागजीपुरा आहे. गावाच्या नावातच धंदा आहे. तिथल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या चिंध्या भिजवल्या, कुटल्या, साच्यावर उचलल्या आणि त्या कागदांवर मराठी जमाखर्च लिहिले गेले. ज्या आकड्यांत ते लिहिले गेले, त्यांचे भाऊबंद हजार वर्षांपूर्वी दमास्कसच्या धुळीत मांडले जात होते.

शिक्षकांना आणि आईवडिलांना एक विनंती. मुलाच्या वहीत चुकलेलं गणित दिसलं तर त्याला खोडरबर देऊ नका. खाली जागा आहे, तिथं पुन्हा करू द्या.

शेवटी पुन्हा त्या दमास्कसच्या ग्रंथाकडे. गणितज्ञ अल-ख्वारिझ्मीनं नवव्या शतकात हिंदी हिशेबावर लिहिलेला मूळ अरबी ग्रंथ आज उरलेला नाही. तो लॅटिन रूपांतरांतूनच माहीत आहे. अरबीत या विषयावरचा जो सर्वांत जुना ग्रंथ हाती आहे तो अल-उक्लिदिसीचा. ११५७ साली त्याची एक प्रत उतरवली गेली. ती इस्तंबूलमध्ये जपून ठेवली आहे. ती कागदावर आहे.